तुम्ही नक्की कुठल्या डॉक्टर?

(मंडळाच्या डिसेंबरमधील कौटुंबिक मेळाव्यात दोघी बहिणींनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक)



आम्हा दोघींना मिळून एकच माईक दिला आहे. लहानपणी गणपतीतल्या नाटुकल्याला याच व्यासपीठावर एकच माईक असायचा आणि त्यावरून आमची भांडणं व्हायची. आज भांडणार नाही. मजकूर आम्ही आठवडाभर रात्री जेवणं झाल्यावर बसून एकत्र लिहिला आहे, त्यामुळे कोणतं वाक्य कोणाचं हे विचारू नका. वेगळं सांगायची वेळ आलीच तर थोरली आणि धाकटी म्हणू. थोरलीला तुम्ही ओळखता. रावपुऱ्यात आमच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर जिचा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे, ती. तुमच्यापैकी निम्म्यांचे गुडघे तिच्या हाताखालून गेले आहेत. धाकटी अमेरिकेत मिशिगनमध्ये असते. तिच्या नावापुढे डीपीटी अशी अक्षरं लागतात, म्हणजे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी. ती तीन आठवड्यांसाठी आली आहे, हे कळल्यावर सचिवांनी आम्हाला पकडलं आणि विषय दिला, "फिजिओथेरपीत डॉक्टरेट कशी मिळवावी." म्हणाले, बारावीची मुलं आहेत, त्यांना मार्गदर्शन होईल.

मार्गदर्शन करू. पण त्याआधी एक प्रश्न आहे, जो आम्हाला प्रत्येक लग्नात, प्रत्येक हळदीकुंकवात विचारला जातो. "तुम्ही नक्की कुठल्या डॉक्टर? म्हणजे मालिशच ना?"

आम्हाला याचा राग येत नाही. बडोद्यात मालिश हा हलका शब्द कधीच नव्हता. दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाममंदिर आपल्या सगळ्यांच्या पायाखालचं. आमचे आजोबा तिथे लाल मातीत खेळलेले. राजरत्न माणिकरावांकडे हाडं-सांधे बसवून घ्यायला लांबून माणसं येत, असं ते सांगत. जुम्मादादा उस्ताद, माणिकराव त्यांचे शिष्य. आणि याच गावात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. दहा खंड, तेही गुजरातेत बसून! त्यातले दोन आमच्या माळ्यावर आहेत, वाळवीने अर्धे खाल्लेले. तेव्हा शरीर हाताने दुरुस्त करायची विद्या आम्ही काही विमानातून आणलेली नाही. अमेरिकेतही ती डॉक्टरकीतून सुरू झालेली नाही. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना पुन्हा उभं करायला तिथे तरुण मुलींना शिकवून तयार केलं. त्यांना रीकन्स्ट्रक्शन एड म्हणत. त्यांतल्या मेरी मॅकमिलन या १९२१ साली स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेच्या पहिल्या अध्यक्षा. पुढे पोलिओच्या साथी आल्या आणि काम वाढलं. आपल्याकडेही मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयात हे शिक्षण १९५० नंतरच्या दशकातच सुरू झालं.

आधी प्रमाणपत्र, मग पदवी, मग मास्टर्स, असं चढत चढत अमेरिकेत हे शिक्षण डॉक्टरेटपर्यंत आलं. नेब्रास्का राज्यात ओमाहा नावाचं शहर आहे. तिथल्या क्रायटन विद्यापीठात १९९३ साली डीपीटीचा पहिला वर्ग सुरू झाला आणि १९९६ साली ती मुलं बाहेर पडली. आज तिथे फिजिकल थेरपिस्ट व्हायचं तर दुसरा रस्ता नाही. २०१६ पासून मान्यताप्राप्त शिक्षण म्हणजे डीपीटीच. ज्यांनी आधी साधी पदवी घेतली होती त्यांचे परवाने मात्र चालू राहिले. धाकटीची पहिली वरिष्ठ अशीच, साध्या पदवीवर तीस वर्षं काम केलेली. कागदावर धाकटी डॉक्टर आणि ती नाही. कोणाला जास्त येत होतं ते सांगायची गरज नाही.

मग ही डॉक्टरेट वाढवते तरी काय? ते पुस्तकी भाषेत सांगण्यापेक्षा आम्ही बाबांची गोष्ट सांगतो. ती तुमच्यासमोरच घडली होती, पण आतली बाजू आम्ही कोणाला सांगितलेली नाही. आज इथे सांगायची, असं आईला विचारूनच ठरवलं आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे.

२०१७ सालच्या गणपतीत बाबांनी मखर उचलायला हात लावला आणि त्यांच्या कंबरेत उसण भरली. इथेच, या खांबापाशी. जोशीकाका तेव्हा म्हणाले होते, "अहो, वय काय, उचलता काय." सगळ्यांनी तेच धरलं, आम्हीही. चार-आठ दिवसांत जाईल असं वाटलं, पण विसर्जन झालं, पितृपक्ष सरला, नवरात्र आलं, दुखणं जाईना. एका डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रे काढला. वयोमानाप्रमाणे झीज आहे म्हणाले आणि चिठ्ठी दिली : फिजिओथेरपी, दहा दिवस. थोरली घरातच. तिने शेक दिला, करंट दिला, हलके व्यायाम सुरू केले. दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा चिठ्ठी आणली. यावेळी तीत ट्रॅक्शन लिहिलं होतं. ट्रॅक्शन म्हणजे कंबरेला पट्टा बांधून मणके ताणायचे. सोमवारी सकाळी लावायचं ठरलं.

रविवारी रात्री धाकटीचा व्हिडिओ कॉल आला. ती तेव्हा मिशिगनमध्ये डीपीटीच्या दुसऱ्या सेमिस्टरला होती. त्या सत्रात तिला एक विषय होता : आलेलं दुखणं खरोखर स्नायू-सांध्यांचं आहे, की पोटातलं, हाडातलं, रक्तातलं दुसरंच काही स्नायूचं सोंग घेऊन आलं आहे, ते ओळखणं. मंगळवारी परीक्षा होती. ती खोटं बोलत नाही, तिने तेव्हाच सांगितलं, "बाबा, मला सराव हवा आहे, तुम्ही पेशंट व्हा." बाबा खूष. लेकीच्या अभ्यासाला उपयोगी पडायचं!

तिने वहीतून एकेक प्रश्न वाचला. रात्री दुखण्याने जाग येते का? येते. कूस बदलली की कमी होतं? नाही, तसंच राहतं. ताप? नाही. थकवा? बाबा म्हणाले, थोडा, वयाचा. वजन कमी झालं? बाबा म्हणाले, छे. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "छे काय? नवरात्रात पट्ट्याला नवं भोक पाडून आणलं ना खंडेराव मार्केटच्या मोच्याकडून!"

धाकटीने वही मिटली. म्हणाली, "ताई, उद्या ट्रॅक्शन लावू नकोस. आधी रक्त तपास."

आता माईक थोरलीकडे आहे. थोरलीला त्या क्षणी संताप आला होता. आठ वर्षं दवाखाना चालवलेली मी, आणि दोन सेमिस्टर झालेली ही मला शिकवते! कॉल संपल्यावर ती आईला म्हणाली, "अमेरिकेला गेली म्हणजे अक्कल आली." आईने काही उत्तर दिलं नाही. रात्री थोरलीला झोप लागली नाही. पहाटे तिने माळ्यावरून आपली तिसऱ्या वर्षाची वही काढली. सयाजी हॉस्पिटलच्या आवारातल्या आमच्या कॉलेजात आम्ही दोघी शिकलो, थोरली आधी, धाकटी सहा वर्षांनी. त्या वहीत तोच तक्ता होता. रात्रीचं दुखणं, वजन घटणं, पन्नाशीपुढचं वय, आराम करूनही न हलणारी कळ. थोरलीच्याच अक्षरात, लाल पेनने अधोरेखित केलेला.

सकाळी ट्रॅक्शनऐवजी लॅब. हिमोग्लोबिन ८.४ आलं. मग पुढच्या तपासण्या, एमआरआय, आणि दिवाळीनंतर निदान झालं : मल्टिपल मायलोमा. अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग. तो हाडं आतून पोखरतो. कंबरेतला एक मणका अर्धा पोखरला गेला होता. कर्करोगाच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून एवढंच विचारलं, "याला कोणी ट्रॅक्शन तर लावलं नाही ना?"

मखर उचलल्यामुळे काही झालं नव्हतं. मखर उचललं म्हणून सगळ्यांना, आम्हालाही, कारण सापडलं होतं. कारण सापडलं की माणूस पुढे विचारत नाही.

यावर आम्ही दोघी पुष्कळ वर्षं बोललोच नाही. बाबांच्या औषधांबद्दल रोज बोलायचो, याबद्दल नाही. आठवड्यापूर्वी या भाषणासाठी बसलो तेव्हा पहिल्यांदा बोललो. आणि आमच्या दोघींच्या लक्षात आलं की ज्ञानाचा फरक नव्हताच. तक्ता दोघींच्या वहीत होता. फरक होता तो चिठ्ठीचा. आपल्याकडे रुग्ण आमच्याकडे येतो तो बहुतेकदा चिठ्ठी घेऊन. चिठ्ठीत काय करायचं ते लिहिलेलं असतं. म्हणजे "काय झालं आहे" हा प्रश्न आमच्याकडे येण्याआधीच मिटलेला असतो, निदान तसं आम्ही समजतो. अमेरिकेत पन्नासही राज्यांत, कुठे मोकळेपणाने तर कुठे अटी घालून, रुग्ण डॉक्टरकडे न जाता सरळ फिजिकल थेरपिस्टकडे जाऊ शकतो. त्याच्या आधी त्याला कोणी तपासलेलंच नसेल. म्हणून डीपीटीत जे वाढीव विषय आहेत ते हेच : औषधं आणि त्यांचे परिणाम, एक्स-रे आणि एमआरआय वाचणं, शोधनिबंध तपासून घेणं, आणि सगळ्यात वर हा एक प्रश्न की समोर बसलेला माणूस आपला रुग्ण आहे का, की त्याला आत्ताच्या आत्ता दुसरीकडे पाठवायला हवं. धाकटीने पहिल्या नोकरीत सहा महिन्यांत तीन जणांना परत पाठवलं. तिथलं सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. तिथे डॉक्टरची चिठ्ठी नसली तरी विमा कंपनीची असते. किती बैठका द्यायच्या ते तीच ठरवते, आणि माणूस चालायला लागण्याच्या बेतात असताना मंजुरी संपते.

बाबा त्यानंतर साडेतीन वर्षं होते. त्यातली अडीच वर्षं चांगली गेली. २०१८ आणि २०१९ दोन्ही साली ते इथे आरतीला उभे होते, काठी घेऊन, पण उभे. त्यांचा व्यायाम थोरली घ्यायची. ताणायचं नाही, वाकवायचं नाही, तरी स्नायू शाबूत ठेवायचे, अशा बेताने. ते कसं करायचं याचे निबंध धाकटी रात्री शोधून पाठवायची. २०२१च्या मे महिन्यात ते गेले. तेव्हा विमानांची काय अवस्था होती ते तुम्हाला आठवत असेल. धाकटीने सगळं फोनवर पाहिलं. मार्गदर्शन करा म्हणालात म्हणून हेही सांगतो. पदवीच्या खर्चात हेही धरावं लागतं.

आता बारावीच्या मुलांसाठी, थोडं भराभर.

आपल्याकडे बारावी सायन्सनंतर बीपीटी. आम्ही शिकलो तेव्हा साडेचार वर्षं, शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ती पाच वर्षांची आहे. त्यापुढे दोन वर्षांची एमपीटी, आणि त्यापुढे पीएच.डी. ही पीएच.डी. आणि डीपीटी एक नव्हेत, हे घरी आई-वडिलांनाही समजावून सांगा. पीएच.डी. म्हणजे एक प्रश्न घेऊन त्यावर स्वतः संशोधन करायचं. डीपीटी म्हणजे रुग्ण तपासण्याचं आणि उपचारांचं शिक्षण. संशोधन वाचायचं, पण प्रबंध हा तिचा गाभा नाही. थोरलीने पीएच.डी.चा अर्ज दोनदा आणला आहे आणि दोनदा कपाटात ठेवला आहे.

तुमची नातवंडं अमेरिकेतच वाढत असतील तर त्यांचा रस्ता सरळ आहे. चार वर्षांची पदवी, त्यात शरीररचना, शरीरक्रिया, रसायन, भौतिकी, संख्याशास्त्र असे ठरलेले विषय, शिवाय दवाखान्यात बसून काम पाहिल्याचे तास. मग साधारण तीन वर्षांची डीपीटी. त्यात निदान तीस आठवडे पूर्णवेळ दवाखान्यात.

इथून बीपीटी करून जाणाऱ्यांसाठी ट्रान्झिशनल डीपीटी असते. धाकटीने तीच केली. आणि इथे तिची फसगत झाली ती सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. एका सल्लागाराने तिला सांगितलं होतं, ही पदवी घेतली की तिथे काम सुरू. तसं नाही. पदवी वेगळी, परवाना वेगळा. परवान्यासाठी आधी तुमची इथली बीपीटी तिथल्या पदवीच्या तोडीची आहे का, हे विषय न् विषय, तास न् तास तपासलं जातं. तपासायचा तक्ता तुमचं बीपीटीचं वर्ष कुठलं त्यावर ठरतो. कॉलेजचा सिक्का असलेला सविस्तर अभ्यासक्रम लागतो. तो इथे असतानाच, शिपाईमामा ओळखीचे असतानाच, काढून घ्या. नंतर सातासमुद्रापलीकडून एका सहीसाठी आठ महिने लागतात. आम्हाला लागले. मग टोफेल. इंग्रजीतून पदवी घेतली असली तरी बहुतेक राज्यांत लागते. धाकटीला बोलण्याच्या भागात दोन गुण कमी पडले आणि बाबा हसत म्हणाले, "बोलण्यात? तुला?" मग राष्ट्रीय परवाना परीक्षा. तिची मोजपट्टी २०० ते ८०० आणि उत्तीर्ण व्हायला ६००. धाकटीला पहिल्यांदा ५८८ पडले. बारा महिन्यांत तीनदा आणि उभ्या आयुष्यात सहादाच बसता येतं, त्यामुळे दुसऱ्या वेळी तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सुटली.

पैसे. बँकेचं कर्ज २८ लाख, आणि बाबांची एक ठेव मोडली. कर्ज फिटायला सात वर्षं लागली. ज्यांना तिकडे राहून काम करायचंच नाही, त्यांनी एवढा खर्च नावापुढच्या तीन अक्षरांसाठी करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

अक्षरांवरून आठवलं. गेल्या ९ सप्टेंबरला केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने पत्र काढलं की फिजिओथेरपिस्टनी नावाआधी डॉ. लावू नये. दुसऱ्याच दिवशी ते पत्र मागे घेतलं. नवीन अभ्यासक्रमात डॉ. आधी आणि पीटी नंतर, असं लिहायची मुभा दिली आहे, त्यावरून हा सगळा गोंधळ. त्या दोन दिवसांत थोरलीला एकोणीस फोन आले, पाटी काढणार का म्हणून. पाटीवर डॉ. नव्हतंच. बाबांच्या आजारानंतर तिने पाटीवर काही वाढवलं नाही. केसपेपर मात्र बदलला. आता चिठ्ठी असो वा नसो, पहिल्या पानावर तिचे स्वतःचे अकरा प्रश्न असतात. त्यात "पट्ट्याचं भोक बदललं का?" हाही एक आहे. लोक हसतात आणि खरं उत्तर देतात, वजन विचारलं तर देत नाहीत. वर्षाकाठी दोन-तीन जण त्या पानावरूनच परत जातात, शेक न घेता, फी न देता. ज्या डॉक्टरांनी ती चिठ्ठी दिली होती त्यांनाही तिने बाबांचे सगळे कागद नेऊन दाखवले. भांडायला गेली नव्हती. ते बराच वेळ गप्प बसले. हल्ली त्यांच्या चिठ्ठीवर दिवसांचा आकडा नसतो. "तपासून योग्य ते करावे" एवढंच असतं. आम्हाला विचाराल तर डॉ.पेक्षा ते चार शब्द मोठे आहेत. धाकटी यावर म्हणते की दोन्ही का नकोत, आणि यावर आमचं एकमत झालेलं नाही.

आता बोलणं पुरे. सतरंजीवरची मुलं चुळबुळ करताहेत आणि मागून बटाटेवड्यांचा वास येतो आहे. जाण्याआधी साठीपुढच्या मंडळींसाठी एक काम आहे. ब्राझीलचे क्लाउडिओ जिल अराउजो म्हणून डॉक्टर आहेत, त्यांची एक साधी चाचणी आहे. जमिनीवर बसायचं आणि उठायचं. बसायला पाच गुण, उठायला पाच. हात, गुडघा जो टेकाल त्याचा एकेक गुण गेला, तोल गेला तर अर्धा. अमेरिकेत धाकटीचे रुग्ण जमिनीवर बसायचंच विसरलेले असतात. आपल्याला पाटावर बसायची सवय, त्यामुळे आपण बरे निघू असं आम्हाला वाटतं. पण सत्यनारायणालासुद्धा हल्ली खुर्च्या लागतात, तेव्हा बघूया. ज्यांचा गुडघा किंवा खुबा बदलला आहे, ज्यांना चक्कर येते, त्यांनी यात पडू नये. बाकीच्यांनी वडा खाण्याआधी मागच्या खोलीत या. आम्ही दोघी दोन बाजूंना धरायला उभ्या आहोत. आणि कोणाची एकच पोटरी दोन-चार दिवसांत सुजून लाल, गरम झाली असेल, तर ती कोणाकडूनही चोळून घेऊ नका, आमच्याकडूनही नाही. रक्ताची गाठ असू शकते. रांगेत न थांबता आधी आम्हाला सांगा, लगेच दवाखान्यात जावं लागेल. जोशीकाका, तुमचा नंबर पहिला.